पंडिताने हलवलेली मान

फार पूर्वी, राजे निवाडा करण्याआधी पंडितांचे मत घेत असत, त्या काळी डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात गुणाकर नावाचा पंडित राहत होता. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होते.

एका वर्षी राज्यातल्या खोऱ्यात तापाची साथ आली. काही घरे आडवी झाली, काहींना तापाने शिवलेही नाही. असे का, ते शोधून काढायला राजाने गुणाकराला पाठवले.

गुणाकराने काम मनापासून केले, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. तो गावोगाव फिरला, घरोघरी ओट्यावर बसला. कोणाला ताप आला, कोणाला नाही, वय काय, पाणी कुठले, जेवणात काय, घर कुठे, सगळे त्याने विचारले. मग एकेक गोष्ट तोलून पाहिली. बहुतेक गोष्टींनी फरक पडत नव्हता. एकीने पडत होता.

खोऱ्यात एक मोठे तळे होते. तळ्याकाठची माणसे पाण्यात शिंगाड्याचे वेल लावत, शिंगाडे उकडून खात, वाळवून पीठ करत आणि उरलेले बाजारात नेत. शिंगाडे न खाणाऱ्या दर दहा माणसांत पाचांना ताप आला होता. खाणाऱ्या दहांत आठांना.

गुणाकराची मोजण्याची एक खास रीत होती. एका धडधाकट माणसामागे आजारी किती, असे तो पाही. शिंगाडे न खाणाऱ्यांत एकामागे एक. खाणाऱ्यांत दोघांमागे आठ, म्हणजे एकामागे चार. रीत चोख होती. जाणकाराला ती ऐकताक्षणी कळली असती. पण दरबारात जाणकार थोडे होते.

भरल्या दरबारात गुणाकराने सांगितले, की शिंगाडे खाणाऱ्यांत आजाराचे प्रमाण चौपट आहे. सभेत कुजबुज झाली. राजा पुढे झुकला.

“म्हणजे शिंगाडे खाल्ल्यामुळे माणसं चौपट आजारी पडतात?”

त्या प्रश्नातल्या दोन्ही चुका गुणाकराला लगेच दिसल्या. आजारी माणसे चौपट नव्हती. पाचांच्या जागी आठ होती, दुप्पटसुद्धा नव्हे. आणि शिंगाडे खाणारे आजारी पडले, एवढेच त्याने पाहिले होते. शिंगाड्यांमुळे पडले, हे त्याने कुठे पाहिले होते? उलट तळ्याकाठी राहून शिंगाडे न खाणारी काही घरे होती, आणि त्या घरांतही ताप जवळजवळ तितकाच होता. अशी घरे थोडी, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती.

हे सारे सांगायला फार वेळ लागला नसता. पण प्रधानापासून भालदारापर्यंत सगळे डोळे त्याच्यावर खिळले होते, आणि त्यांत असे कौतुक होते की तसे त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते.

गुणाकराने होकाराची मान हलवली.

राजाने त्याचा मोठा सन्मान केला आणि शिंगाड्यांनी ताप येतो, अशी खोऱ्यात दवंडी पिटवली. शिपायांनी तळ्यातले वेल उपटून काठावर टाकले. ते तिथेच कुजले. तळ्याकाठच्या बायकांच्या हातची भाजीही बाजारात कोणी घेईना. काही कुटुंबे चूलभांडी उचलून डोंगरापलीकडे निघून गेली. गुणाकराच्या कानावर हे येत होते. आपण निष्कर्ष काढला, हुकूम तर राजाने दिला, असे तो स्वतःला समजावत राहिला.

पुढच्या वर्षी ताप पुन्हा आला, पहिल्याइतकाच. लोक म्हणाले, वेलांची मुळे राहिली असतील. राजाने गुणाकराला पुन्हा खोऱ्यात पाठवले.

तळ्याकाठी भिवाई नावाची एक म्हातारी आपल्या झोपडीपुढे बसली होती. तिने त्याला ओळखले. ही आता शिव्या घालणार, असे त्याला वाटले, आणि त्यासाठी तो तयारही होता. पण भिवाई उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली.

“शास्त्रीबुवा, एक विचारू? माझा नातू त्या साथीत गेला. त्याला दुसरं काही पचत नव्हतं, म्हणून मी शिंगाड्याची पेज भरवत होते. मग दवंडी ऐकली. म्हणजे मीच मारलं ना त्याला?”

गुणाकराला तिच्याकडे बघवेना. दरबारात त्याने जी मान डोलवली होती, ती आता वर होत नव्हती. शिंगाड्याचे वेल, बाजार, उठून गेलेली घरे, या सगळ्यांसाठी त्याने मनात उत्तरे तयार ठेवली होती. हा प्रश्न त्याच्या मनातही आला नव्हता.

“नाही, आजी. तसं मला कधीच दिसलं नव्हतं.”

“मग दवंडी?”

“दवंडी चुकीची होती. मला ते ठाऊक होतं.”

म्हातारीने रिकामा तांब्या उचलला. मग तिने एवढेच म्हटले, “हे माझ्या सुनेला सांगाल? ती माझ्या हातचं खात नाही.”

गुणाकर दारात उभा राहिला. सून आत धान्य पाखडत होती. त्याने तिला सगळे सांगितले, स्वतःला न वाचवता. तिचे सूप थांबले. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पाठ फिरवली. भुईने पोटात घ्यावे, असे त्याला झाले. पण भुईने घेतले नाही, आणि त्याला तसाच राजधानीपर्यंत चालत जावे लागले.

दरबारात त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. दहांत पाच आणि दहांत आठ सांगितले, बाजूला ठेवलेली घरेही सांगितली. राजाचा चेहरा उतरला.

“त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं, महाराज.”

“मग मान का हलवलीत?”

“मी सांगितलं ते तुम्ही वेगळंच ऐकलंत, हे मला कळलं होतं. पण तुम्ही ऐकलंत ते माझ्या सांगण्याहून मोठं होतं. ते मला आवडलं.”

राजाने त्याचे आसन काढून घेतले. गुणाकराने तक्रार केली नाही. नवी दवंडी पिटली गेली, तळ्यात पुन्हा वेल लावले गेले. डोंगरापलीकडे गेलेल्यांतले काही परतले. बाकीचे परतले नाहीत, आणि त्यांची ओसाड घरे पाहून येणारा-जाणारा गुणाकराचेच नाव घेई.

तापाचे खरे कारण गुणाकराला पुढेही सापडले नाही. कोणी विचारले तर सापडले नाही असेच तो सांगे, आणि समोरच्याला काय कळले ते त्याच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देत नसे. भिवाई सुनेच्या शेजारी बसून जेवू लागल्याचे त्याला कोणीतरी सांगितले. ते ऐकून त्याला बरे वाटले, पण तळ्याच्या वाटेला तो पुन्हा कधी गेला नाही.

आपले बोलणे चुकीचे समजले गेले हे कळूनही जो गप्प राहतो, तो खोटेच बोलतो.