ओढ्यापलीकडची अर्चिका

पूर्वी कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाचा अजून उदय व्हायचा होता, अशा त्या संधिकालात, सह्यपर्वताच्या पूर्वेकडील उतारावर शमीवान नावाच्या महर्षींचा आश्रम होता. पाठीशी गगनाला भिडलेला काळा कडा, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी वळसा घालून वाहणारा श्वेतजला नावाचा ओढा. औदुंबर, पळस आणि शमी यांच्या दाट छायेत उभ्या असलेल्या त्या पर्णकुटीत येण्याजाण्याची वाट एकच, ती म्हणजे ओढ्यात मांडलेले अकरा दगड. हे दगड ध्यानात ठेवा, कारण सारी कथा त्यांच्यावरूनच जाते.

शमीवान ऋषी जन्मापासून एकही असत्य अक्षर बोलले नव्हते. त्यांच्या या व्रताने प्रसन्न होऊन साक्षात अग्निनारायणाने त्यांना वाचासिद्धी दिली होती: ते जे बोलतील ते घडेल. अशी सिद्धी मिळाली की माणसाने किती जपून बोलावे, हे सांगायला नको. महर्षी जपतही असत. राजे दारी आले तरी चार शब्दांत बोळवण करीत, शिष्यांवर रागावले तर मौन धरीत, आणि शाप तर त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिला नव्हता. पण घरात माणूस सैल बोलतो. ऋषी झाला म्हणून काय झाले, तोही घरातच राहतो.

त्यांची पत्नी सुमेखला. मोठी कर्तबगार आणि स्पष्टवक्ती स्त्री. महर्षी स्नान करून आले की आपले ओले उत्तरीय हाताला लागेल तिथे टाकून मंत्रपाठाला बसत, आणि हाताला नेमकी लागे ती समिधांची रास. लाकडांवर ओले वस्त्र टाकू नका, असे सुमेखलेने लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून सांगितले होते. सांगून सांगून तिचे तोंड दुखले. महर्षी दर वेळी मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करीत. ब्रह्मांडाची व्यवस्था जाणणाऱ्या पुरुषांना घरातली एवढीशी व्यवस्था का जमत नाही, हे मला तरी कळलेले नाही.

या दांपत्याला उतारवयात एक कन्या झाली. तिचे नाव अर्चिका. मोठ्या डोळ्यांची, चपळ, आणि दिवसभर काही ना काही सांडणारी. महर्षींनी तिला लाडावले नाही. सूर्योदयाआधी उठायचे, गाईंना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः प्यायचे नाही, सांगितलेले काम कंटाळा न करता करायचे, हे सारे तिच्या अंगवळणी पाडले. मात्र त्या घरात एक नियम सर्वांहून मोठा होता. चूक झाली तर आपण होऊन खरे सांगायचे. खरे सांगितले की विषय संपला. पाच वर्षांची असताना तिच्या हातून पाण्याचा घडा फुटला, तेव्हा ती स्वतःच पित्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सारे सांगून मोकळी झाली. महर्षींनी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि तिच्याबरोबर बसून मातीचा नवा घडा केला. तो वाकडा झाला. तरी त्यातलेच पाणी ते पुढे कित्येक दिवस प्यायले.

अर्चिका नऊ वर्षांची झाली त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या खोऱ्यात गुरांवर भयंकर साथ आली. सकाळी चरायला गेलेली गाय संध्याकाळी उठत नसे. गोठेच्या गोठे ओस पडले, वासरे दुधाविना मेली, आणि हतबल गोपाळ आश्रमाच्या दारी येऊन धाय मोकलून रडले. महर्षींचे अंतःकरण द्रवले. गोधनाच्या रक्षणासाठी द्वादशवर्षीय सत्र करण्याचा त्यांनी संकल्प सोडला आणि पत्नीसह दीक्षा घेतली. या सत्राचा नियम कठोर होता. बारा वर्षे अखंड अग्नी तेवत ठेवायचा, चुकून विझलाच तर प्रायश्चित्त घेऊन मंथनाने पुन्हा चेतवायचा, आणि दीक्षा घेतलेल्या पतिपत्नींनी ती पुरी होईपर्यंत ओढ्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही. टाकले तर सारे हवन मातीमोल होणार होते आणि खोऱ्यातली उरलीसुरली गुरेही जाणार होती.

दीक्षा घेऊन सातच दिवस झाले होते. माध्यान्हीला पतिपत्नी मंत्रपाठात असताना अग्नीत समिधा घालण्याचे काम अर्चिकेकडे सोपवलेले होते. त्या दिवशी पाठ आटोपून महर्षी कुंडापाशी आले, तो अग्नी विझलेला. ओढ्याकाठी वासराशी खेळत असलेल्या अर्चिकेला त्यांनी हाक मारली आणि समिधा का घातल्या नाहीस म्हणून विचारले. तिने सांगितले, घातल्या होत्या. महर्षींनी पुन्हा विचारले, तिने पुन्हा तेच सांगितले आणि नेहमीप्रमाणे विषय संपण्याची वाट पाहत ती उभी राहिली.

विषय संपला नाही. घातल्या असत्या तर अग्नी विझला कसा, असा महर्षींचा सरळ तर्क होता. अग्नी विझला याचे त्यांना दुःख होते. पण आपली मुलगी, जिला आपण सत्याच्या घोटावर वाढवले, ती डोळ्याला डोळा भिडवून खोटे बोलते आहे, या विचाराने त्यांचा तोल गेला. इथे मला महर्षींचा राग येतो, तो मी लपवत नाही. नऊ वर्षे जिने कधी खोटे सांगितले नाही, तिच्यावर घटकाभर विश्वास टाकायला काय हरकत होती? पण संतापलेल्या बापाला कोण विचारणार? ते गरजले:

“जा, ओढ्यापलीकडे चालती हो. ‘मी समिधा घातल्या नाहीत’ असे तू आपल्या मुखाने कबूल करीपर्यंत तुझे पाऊल या भूमीवर पडणार नाही.”

शब्द तोंडातून निसटताच पळसाची पाने क्षणभर हलायची थांबली. सुमेखला मंत्र अर्धा टाकून उठली, पण तोवर अर्चिका अकराही दगड ओलांडून पलीकडच्या तीरावर पोहोचली होती. बापाने सांगितले की ऐकायचे, हेही तिला नीटच शिकवलेले होते. खोऱ्यातल्या कपिशा नावाच्या वृद्ध गवळणीने ते रडवेले लेकरू पाहिले आणि आपल्या झोपडीत नेले. महर्षींना वाटले, सांजेपर्यंत पोरगी कबूल करील आणि येईल. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

तिसऱ्या दिवशी मंथन करून नव्याने चेतवलेल्या अग्नीत महर्षींनी स्वतःच्या हाताने समिधा घातल्या. धूर उठला. डोळे चोळीत ते पाहत राहिले, आणि त्यांच्या देखत ज्वाला खाली बसली. त्यांनी रास उपसली. कडेची लाकडे कोरडी दिसत होती, मधली गच्च भिजलेली होती, आणि राशीच्या माथ्यावर त्यांचे स्वतःचे ओले उत्तरीय पसरलेले होते. सुमेखला शेजारीच उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरे झाले असते असे महर्षींना वाटले.

ते धावतच तीरावर गेले. अर्चिका पलीकडे बसलेली होती. तीन दिवस ती तिथेच येऊन बसत होती. दोष तुझा नव्हे, माझा, असे महर्षींनी ओरडून सांगितले. ती हसली आणि दगडांवरून पळत आली. अकराव्या दगडावरून तिने पाऊल उचलले, पण ते तीरावर टेकेना. हवेत तसेच राहिले, जसे दार आतून लावलेले असावे. तिने दुसरे पाऊल टाकून पाहिले. मग तिने बापाकडे पाहिले.

शमीवानांना आपला शब्द अक्षरशः आठवला. आणि जे जन्मात केले नव्हते ते त्यांनी केले.

“वत्से,” ते हात जोडून म्हणाले, “एकदाच म्हण, मी समिधा घातल्या नाहीत. एवढे म्हण आणि घरी ये.”

अर्चिका त्या ओल्या दगडावर उभी होती. तिने विचारले, “तात, ते खरे असेल का?”

मागून सुमेखला म्हणाली, “बाळे, म्हण. त्याचे पाप माझ्या माथी.” अर्चिकेने ओठ उघडले. आईकडे जायचे होते तिला. भूक लागली होती, आणि दोन रात्री तिला आईच्या कुशीविना झोप आली नव्हती. पण खोटे कसे बोलतात हे त्या घरात कुणी तिला शिकवलेच नव्हते. “मला म्हणता येत नाही,” एवढेच ती रडत रडत म्हणाली.

तेव्हा महर्षींना एकाएकी सुचले, की आपली वाणी तर सिद्ध आहे. ते मोठ्याने म्हणाले, “अर्चिके, ये.” काहीच झाले नाही. कसे होणार? लेकीला असत्य बोल म्हणून विनवले, त्याच क्षणी त्यांचे व्रत भंगले होते आणि वाचासिद्धी त्यांना सोडून गेली होती. आता त्यांचा शब्द तुमच्याआमच्यासारखाच होता. आधीचा मात्र तसाच उभा होता. सूर्य कड्याआड गेल्यावर कपिशेने दगडांवर येऊन त्या मुलीचा हात धरला.

मग बारा वर्षे. लिहायला दोन शब्द लागतात, आणि शब्दांना काय, लागतातच किती? वर्षभर सुमेखला पतीशी मंत्रांखेरीज काही बोलली नाही. ती सकाळी पळसाच्या पानाच्या द्रोणात सांज्याचे दोन घास, कधी बोरे, कधी नुसते फूल घालून वरच्या अंगाला ओढ्यात सोडी, आणि खाली वळणावर अर्चिका तो द्रोण काढून घेई. कधी तो मध्येच उलटे. त्या दिवशी दोघीही दोन तीरांवर उगाच बसून राहत. पलीकडच्या औदुंबराच्या खोडाला टेकून उभी राहा, असे सुमेखला तिला दर पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सांगे आणि खोडावरच्या गाठींवरून तिची उंची नजरेने मोजून घेई. पहिली गाठ, दुसरी गाठ, आणि मग एका वर्षी गाठच उरली नाही. इतक्या लांबून केसांत तेल घालता येत नाही, याचे तिला फार वाईट वाटे.

महर्षी रोज अपराह्णी तीरावर बसून मोठ्या आवाजात पाठ सांगत आणि पलीकडून मुलगी म्हणून दाखवी. पाऊसकाळात ओढा गर्जू लागला की काही ऐकू येत नसे. तेव्हा ते नुसते तिच्या ओठांकडे पाहत. अर्चिका कपिशेची गुरे राखू लागली. दर वर्षी खोऱ्यात मरणाऱ्या गुरांचा आकडा उतरत गेला, आणि नवे वासरू जन्मले की ती ते दोन्ही हातांनी उचलून आईबापांना दाखवायला आणी. सत्र मोडून पलीकडे धाव घ्यावी असे महर्षींच्या मनात शंभरदा आले. शंभरही वेळा त्यांना तिच्या हातातले वासरू दिसले.

बारावे वर्ष संपले. पूर्णाहुती पडली आणि कुंडातून सप्तजिव्ह, हिरण्यकेश, तेजोमय असा अग्निनारायण प्रकट झाला. खोऱ्यातली साथ कायमची गेली असे सांगून तो म्हणाला, “शमीवाना, वर माग.”

“देवा, माझा शब्द मला परत दे.”

“तो माझ्या साक्षीने उच्चारलेला आहे,” अग्नी म्हणाला. “जळलेल्या समिधेचे मी पुन्हा लाकूड करू शकत नाही. दुसरे काही माग.”

महर्षींनी ओढ्यापलीकडे पाहिले. तिथे एकवीस वर्षांची एक तरुणी उभी होती. तिच्यातली नऊ वर्षांची पोर कुठे गेली, हे त्यांना माहीत होते. बारा वर्षे ते तिच्यासमोरच बसले होते आणि तिला एकदाही कडेवर घेता आले नव्हते. ते म्हणाले, “तर मग असे कर. आजपासून पुढे, आईबापांनी रागाच्या भरात मुलांना जे बोल लावले, ते कधीही खरे होऊ देऊ नकोस. मग तो बोलणारा कितीही मोठा तपस्वी असो.”

अग्नीने विचारले, “तुझ्या स्वतःच्या शब्दाला हा वर लागू पडणार नाही, हे जाणतोस ना?”

“जाणतो.”

“तथास्तु,” असे म्हणून देव अंतर्धान पावला.

बारा वर्षांनी पतिपत्नी पहिल्यांदाच दगडांवर उतरली. आश्रमातून त्यांनी काहीच बरोबर घेतले नाही; जिथे लेकीला येता येत नाही तिथे परतायचे नाही, हे त्यांचे न बोलता ठरले होते. सुमेखला पुढे धावली. महर्षींचे पाय म्हातारे झाले होते. सातव्या दगडावरून ते घसरले आणि कमरेपर्यंत भिजून तीराला लागले. शब्दांची त्यांना आता भीतीच वाटत असे. अर्चिका पुढे आली, तिने बापाच्या खांद्यावरचे ओले उत्तरीय काढून घेतले, पिळले आणि फांदीवर वाळत घातले, कपिशेच्या सरपणापासून चांगले लांब.

मग महर्षी रडले, आणि तिने त्यांना रडू दिले.

अग्नीचा तो वर आजही चालू आहे. म्हणून तर पोराने उच्छाद मांडला की आई त्याला दाराबाहेर काढते आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणून ठणकावते, बाप तर याहूनही भलते बोलतो, आणि त्यातले काही म्हणजे काही होत नाही. पोर गल्लीत खेळून, भूक लागली की, हक्काने आत येते आणि पाटावर बसते. पण ते येईपर्यंत मधल्या वेळात आई हातातले काम सोडून दोनतीनदा दाराशी जाते, कुणी पाहत नाही ना हे बघून रस्त्यावर नजर टाकते. आपण बोललो ते खोटे ठरावे, एवढीच तेव्हा तिची इच्छा असते. मग पावले वाजतात, आणि ती काहीच न झाल्यासारखी त्याचे ताट वाढायला घेते.