राजीखुशीची झडती

"नाही म्हणजे नाही! माझ्या उंबऱ्याच्या आत शिपाई येणार नाही!"

भिवरा बुरडीण दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली, आणि कोंढापूरचे कोतवाल हैबतराव मिशी चावत तिच्याकडे बघत राहिले.

झालं होतं असं. जत्रेत पालखीच्या मानावरून दोन आळ्यांत तलवारी निघाल्या. तेव्हा राजे उदाजीरावांनी दवंडी पिटवली, 'ज्याने त्याने राजीखुशीने घराची झडती द्यावी. हत्यार सापडलं तर जमा होईल, शिक्षा नाही.'

हुकूम तसा चांगला होता. पण शिपायांच्या जिभेला लगाम कुणी घालायचा? कुलकर्ण्यांच्या घरी तलवार सापडली नाही, सुनेने सासूपासून लपवलेली लाडवांची बरणी मात्र सापडली! वैद्यबुवांच्या पेटीत निघाला केसांचा टोप! दिवेलागणीपर्यंत सगळ्या पेठेत तीच चर्चा. आणि जो नाही म्हणेल, त्याच्या दाराला कोतवाल लाल फडकं बांधायचे. अशी ही राजीखुशी!

भिवराच्या घरात ना तलवार होती ना बंदूक. होते फक्त तिचे सासरे, सिद्राम पैलवान. एका आखाड्यात नऊ मल्लांना लोळवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि तो डोंगर अंथरुणाला खिळला. आता घासही भिवराच भरवायची. "पोरी," ते म्हणाले होते, "गावानं मला उभा पाहिलाय. असा आडवा पाहू देऊ नको." म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं होतं, मामंजी काशीला गेलेत.

कोतवालांनी तिच्याही दाराला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सुपा-टोपल्यांना गिऱ्हाईक येईना. "घरात बंदुका आहेत म्हणे!" बायका पाणवठ्यावर कुजबुजायच्या. तिसऱ्या दिवशी भिवराने ते फडकं ओढून काढलं आणि मुठीत धरून थेट दरबारात गेली.

"महाराज, राजीखुशीचं आमंत्रण असतं, की न आल्यास दंड असतो?"

राजे होते हट्टी. कपाळाला आठी घालून म्हणाले, "बाई, झडती होणार म्हणजे होणार!"

"होऊ द्या की! पण माझं घर कुणाला दिसता कामा नये."

दरबार खो खो हसला. राजांनाही चेव आला.

"वा! झडती तर व्हावी, पण घर कुणाला दिसू नये! ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत असा झडतीवाला तूच आणून दाखव. नाही आणलास, तर तुझं दार चौकटीसकट काढून नेऊ. मग बघू दे सगळ्या गावाला!"

भिवरा घरी आली ती जड पावलांनी. सासऱ्यांना पेज भरवायला बसली, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. चमचा तोंडाऐवजी हनुवटीला लागला. "अगं, डोळे मिटून भरवतेस काय?" म्हातारा करवादला.

भिवराचा हात थांबला. मग ती खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका म्हाताऱ्याचा हात धरून दरबारात उभी राहिली.

"महाराज, हे बाबालालचाचा शिकलगार. चाळीस वर्षं यांनी तलवारींना धार लावली. त्यातच डोळे गेले. हेच माझे झडतीवाले!"

"आंधळा?" कोतवाल ओरडले. "याला समोरची भिंत दिसत नाही, तलवार काय दिसणार!"

चाचांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कोतवालसाहेब, शेल्याखाली कट्यार खोचलीय तुम्ही. पातं जुनं, म्यान नवं. हललात की आत खुळखुळतंय. पण दरबारात हत्यार आणायला बंदी आहे ना?"

राजांनी हात पुढे केला. "हैबतराव, काढा!"

कोतवालांनी कट्यार काढली. तोंड असं झालं, जसं काही लाल फडकं त्यांच्याच नाकाला बांधलंय.

राजे स्वतः भिवराच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच्या ओट्यावर बसले. चाचा भिवरासोबत आत गेले. त्यांनी आढ्याच्या सांदी चाचपल्या, रांजणात हात घातला, बांबूच्या मोळ्या उलटसुलट केल्या. शेवटी अंथरुणापाशी आले. बोटं एका हाताला लागली. रोडावलेल्या त्या पंजाने चाचांचं मनगट धरलं. चाचा क्षणभर थबकले. ही पकड त्यांच्या ओळखीची होती! त्यांनी तो पंजा कपाळाला लावला, गादीखाली हात फिरवला आणि गुपचूप बाहेर आले.

"एक कोयता आहे, बांबू चिरायचा," ते म्हणाले. "दुसरं हत्यार नाही."

"बरं, आणखी काय आहे?" राजांनी पुढे वाकून विचारलं.

"महाराज, मला हत्यार शोधायला पाठवलं होतं. मी तेवढंच शोधलं."

राजांना काही राहवेना. त्यांनी भिवराकडे मोहरा वळवला. "आता तूच सांग! हत्यार नाही, तर एवढं लपवलंस तरी काय?"

भिवराने पदर सावरला आणि हात जोडले.

"महाराज, हत्यार असतं तर ते तुमचं होतं. हत्यार नाही, म्हणजे जे काही आहे ते माझं!"

राजे एवढ्या मोठ्याने हसले की ओट्यावरून घसरता घसरता वाचले. "हैबतराव! आधी गावातली सगळी फडकी सोडा. आपल्या हातांनी! यापुढे झडतीला चाचा जातील, तेही घरधन्याने बोलावलं तरच." मग भिवराकडे वळून म्हणाले, "आणि तुला सरकारी बेटातला बांबू, हवा तेवढा, हयातभर!"

दाराआड अंथरुणावर सिद्राम पैलवानांनी गोधडीचं टोक दातांत घट्ट धरलं होतं. बाहेर हसू ऐकू जाऊ नये म्हणून!