मुक्या मुठीची कहाणी

ऐक देवबापा, तुझ्या एका बोलक्या लेकीची कहाणी. आटपाट गाव होतं, गावात लहानसं देऊळ होतं, देवळावर क्रूस होता. तिथं सालोमी नावाची बाई राहत असे. खाऊनपिऊन सुखी, मनाची भली, पण तोंडात तीळ भिजत नसे.

एके दिवशी तिनं म्हाताऱ्या आबईला कुणाच्या दारी गुपचूप पीठ ठेवताना पाहिलं. विचारलं, बाई बाई, हा कसला वसा? आबई म्हणाली, "हा मुठीचा वसा. पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढावी, साठली की उणं असेल त्या दारी ठेवावी. ठेवली की विसरावी. माणसांना सांगू नये, देवालाही आठवण करून देऊ नये. पण तुझ्या पोटात राहायचं नाही." सालोमी म्हणाली, राहील.

मग तिनं वसा घेतला. विहिरीजवळ रिबका राहायची. नवरा वारलेला, घरात म्हातारा सासरा. सालोमीनं तिच्या दारी पीठ ठेवावं, मुकाट परतावं. रिबकेनं ओळखलं होतं, पण तीही बोलली नाही. दोघींचं छान चाललं होतं.

मग सुगीची उपासना आली. एकेकानं उठून साक्ष द्यायची, देवानं काय केलं ते सांगायचं. सालोमी उठली. आधी देवाचं सांगितलं, मग हळूच स्वतःचं आलं. नाव नाही हो घेतलं, विहिरीजवळचं एक घर, एवढंच म्हणाली. आता विहिरीजवळ घर होतंच एक! सगळ्या माना मागं वळल्या. रिबकेनं पदर तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवसापासून रिबकेचं दार बंद. छपरातून धूर दिसेना, सासऱ्याचा खोकला तेवढा ऐकू येई. सालोमीचा जीव तुटला. मग ती पीठ घेऊन गेली, दार उघडलं नाही. मग तूपगूळ घेऊन गेली, दार उघडलं नाही. मग देवळातल्या पाळकसाहेबांना घेऊन गेली, रिबकेनं त्यांना आतूनच सलाम केला, दार उघडलं नाही.

सालोमीला घास गोड लागेना. एके सकाळी चूल न पेटवताच उठली, रिकाम्या हातानं गेली, उंबऱ्यापाशी बसली. म्हणाली, "रिबके, मी चुकले गं. तुझी अडचण मी गावभर केली. आज भुकेली आलेय, मला काहीतरी वाढ."

मग कडी निघाली. रिबका म्हणाली, "कण्या आहेत थोड्या. मीठही बेताचंच." सालोमी म्हणाली, तेच वाढ.

मग तिघं जेवायला बसली. सासऱ्यानं डोळे मिटून प्रार्थना केली, "बापा, ज्या हातानं आज अन्न दिलं, त्या हाताला आशीर्वाद दे." सालोमीनं सवयीनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग तिला भान आलं. रिबकेच्या हाताला कण्या लागल्या होत्या. सालोमीचे डोळे भरून आले, आणि सगळ्यांत आधी तीच आमेन म्हणाली.

पुढं दोन्ही घरच्या चुली पेटत राहिल्या. कोण कुणाला देतं, हे गावाला कधी कळलं नाही. सालोमीला देवबाप पावला, तसा तुम्हांआम्हांला पावो. आपल्या हातून भलं होवो, आणि ते आपल्या तोंडी न येवो. ही साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली, देवाच्या पायी सुफळ झाली. आमेन.