मथुराबाईंना काय हवं होतं

“म्हणजे बाई, आपलं नाव लागावं असं तुमच्या मनात कधी आलंच नाही… हो ना?”

निरंजन वाळावलकरांनी हे विचारलं खरं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं. मांडीवर छापखान्यातून आलेली प्रुफं होती आणि उत्तर त्यातच छापलेलं होतं. बाईंनी फक्त मान डोलवायची बाकी होती.

मथुराबाई आजगावकर पडवीतल्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली. माडांच्या पलीकडे समुद्र होता आणि ओहोटीचे काळे खडक उघडे पडत चालले होते.

“आलं,” त्या म्हणाल्या.

निरंजन हसले. त्यांना वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नाही.

“नाही बाई, मी म्हटलं, आपलं नाव लागावं असं—”

“ऐकलं रे मी. आलं मनात… अजून येतं.”

निरंजननी मांडीवरच्या प्रुफांकडे पाहिलं.

एके काळी मुंबईच्या कॉलेजात बाईंनी त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. आता ते स्वतः विभागप्रमुख होते. वक्ते म्हणून त्यांचं नाव होतं आणि ते त्यांना माहीतही होतं. निसर्गविज्ञानात आयुष्य घातलेल्या आणि पुढे कुणाच्याच लक्षात न राहिलेल्या बायकांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. कुणी घाटातली नेची, म्हणजे फर्न, गोळा केली होती, कुणी पक्ष्यांची चित्रं काढली होती, कुणी खाडीतल्या गोगलगायींचा अभ्यास केला होता.

पहिला लेख मथुराबाईंवर होता, त्यांच्या समुद्री शेवाळांच्या अभ्यासावर.

तो लेख त्यांनी पुण्यात वाचला, कोल्हापुरात वाचला. त्यातल्या एका वाक्याला सभागृह स्तब्ध व्हायचं आणि मग टाळ्या पडायच्या. वाक्याच्या मध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे त्यांना आता सवयीचं झालं होतं.

“ते टाळ्यांचं वाक्य वाच बघू,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“माझी भाची होती कोल्हापूरला. रडली म्हणे.”

निरंजननी चष्मा सारखा केला.

“‘समुद्राने त्यांना सारं काही दिलं… नाव मात्र त्यांनी कधी मागितलंच नाही.’”

“छान वाचतोस. कॉलेजातसुद्धा तू छान वाचायचास,” बाई म्हणाल्या. “छेद मात्र फार जाड कापायचास. सूक्ष्मदर्शकाखाली काही म्हणजे काही दिसायचं नाही.”

निरंजन कसनुसं हसले.

“बाई, तुमची थट्टा करायची सवय…”

“खाली जातोस?” बाईंनी मधेच विचारलं. “पाणी उतरलंय. मोठ्या खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला, सावलीत, हात आत घालावा लागेल. तिथल्या तांबड्या शेवाळाचा एक तुकडा आण. आणि बादलीभर खारं पाणी.”

“आत्ता?”

“मग भरती यायची.”

निरंजननी बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. खडकांवर त्यांचे पाय घसरत होते. कितीतरी वर्षांत ते असे पाण्यात उतरले नव्हते. आता त्यांचे विद्यार्थी उतरत. कपारीत हात घालताना शिंपल्यांच्या धारेने मनगट खरचटलं. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा कुठे बोटांना ते मऊ मऊ लागलं.

ते परतले तेव्हा बाईंनी परात पुढ्यात मांडून ठेवली होती.

“ओत पाणी. आता सोड त्याला.”

हातातला लालसर, लिबलिबीत गोळा त्यांनी पाण्यात सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग तो उलगडू लागला. धाग्याला धागा फुटत गेला आणि परातभर एक तांबडी, विरविरीत जाळी पसरली.

बाई पुढे वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

“आम्ही डिसेंबरात यायचो,” त्या म्हणाल्या. “देवळाच्या धर्मशाळेत उतरायचो. पहाटेची ओहोटी गाठायची असायची. मी आणि माझे प्राध्यापक, केंकरे सर. आणि दोन मुलं, ती थंडीने कुडकुडायची. सर काही कुडकुडायचे नाहीत. बोलत राहायचे.”

“सर शिकवायचे छान, असं ऐकलंय.”

“छान? अरे, मला पाण्यात उतरायचं तर लुगडं वर खोचावं लागायचं. सर तेवढा वेळ पाठ करून उभे राहायचे. पण शिकवणं थांबवायचे नाहीत. समुद्राकडे तोंड करून शिकवत राहायचे. लाटांच्या आवाजात मला अर्धंच ऐकू यायचं.”

बाई हसल्या. मग हसू मावळलं.

“हे मला त्याच कपारीत सापडलं. सरांचा हात आत जाईना. माझा बारीक होता. कागदावर पसरून, वर मलमल घालून, रद्दीच्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलं. रोज वर्तमानपत्रं बदलायची. धर्मशाळेतल्या काकू ओरडायच्या, पोरी, घाण मारतंय तुझं ते! मला तो वास आवडायचा. नंतर मुंबईत, खोलीत एकटी असताना, कधी कधी उगाच येतो असं वाटायचं…”

निरंजन परातीतल्या जाळीकडे बघत होते.

“याचं नाव सांग बघू,” बाई एकदम म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं निरंजननी शास्त्रीय नाव सांगितलं. प्रजातीचं नाव, जातीचं नाव आणि प्रथेप्रमाणे शेवटी, ते शेवाळ ज्याने पहिल्यांदा जगापुढे मांडलं, त्याचं आडनाव.

“…केंकरे,” ते म्हणाले.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “पुन्हा एकदा.”

निरंजननी पुन्हा सांगितलं. या वेळी शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून हळू आला.

परातीतलं पाणी वाऱ्याने थरथरत होतं.

“बाई… छेद कुणी कापले होते?”

“मी.”

“आकृत्या?”

“मी. वर्णनही मीच लिहिलं. सरांनी इंग्रजी सुधारलं. शोधनिबंधाच्या शेवटी लिहिलं, कुमारी आजगावकर यांची मदत झाली. शब्द छोटासा होता. मदत.”

“मग तुम्ही तेव्हा काहीच का बोलला नाहीत?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“मी बोलले नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

निरंजननी मान वर केली.

“गेले होते ना सरांच्या खोलीत. दाराशीच उभी राहिले. म्हटलं, सर, पेपरवर माझंही नाव हवं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, अगं मथुरा, उद्या तुझं लग्न होईल. आडनाव बदलेल. मग आज छापलेलं नाव कुणाचं म्हणायचं लोकांनी?… हसून म्हणाले. मायेनंच म्हणाले.”

“मग?”

“मग मी आडनाव बदललं नाही.”

निरंजनांना आपल्याच लेखातली ओळ आठवली. ‘त्यांनी विज्ञानाशीच संसार मांडला.’ त्यांनी नकळत तो कागद उलटा केला.

“स्थळं यायची,” बाई समुद्राकडे बघत म्हणाल्या. “एक तर फारच चांगलं होतं. सावंतवाडीचा होता. शाळेत गणित शिकवायचा, गाणं म्हणायचा. आमच्या अंगणात बसून गायला होता एकदा… आई दाराआड उभी राहून ऐकत होती. मी नको म्हटलं तेव्हा ती चार महिने बोलली नाही माझ्याशी. तिला काय सांगणार? शेवाळाला माझं नाव लागायचंय म्हणून?”

“तुम्ही वाट पाहिलीत.”

“पाहिली. पुढच्या पेपरची, त्याच्या पुढच्या पेपरची. मग सर गेले. वाट बघायला कारण उरलं नाही… सवय उरली.”

निरंजन पुढे सरकले.

“लबाड माणूस म्हणायचा. मी लिहितो तसं. स्पष्ट लिहितो.”

“काही लिहू नकोस तसं. ते लबाड नव्हते.”

“अहो बाई, पण—”

“पोरींचे डोळे जातील, त्यांना सूक्ष्मदर्शकाला बसवू नका, असं म्हणणारे लोक होते तेव्हा. सरांनी त्यांच्याशी भांडून मला खुर्ची दिली. घरून येताना डब्यातला लाडू माझ्यासाठी वेगळा काढून आणायचे. ओले ट्रे स्वतः उचलायचे. त्यांच्यासारखं मला कुणी शिकवलं नाही. अजून आठवण येते त्यांची.” बाई थांबल्या. “म्हणून तर एवढं लागलं.”

माडातून वारा गेला. खाली खडकांवर पहिलं पाणी चढत होतं.

“शास्त्रीय नाव आता बदलता येत नाही, बाई,” निरंजन म्हणाले. “नियम आहे. ज्याच्या नावावर छापलं गेलं…”

“नियम मीच शिकवला तुला.”

“मग मी काय करू?”

“तुझं ते वाक्य काढ.”

निरंजन चपापले.

“लोकांना तेच वाक्य सगळ्यात जास्त भिडतं, बाई. तेवढ्यासाठी लोक नंतर येऊन हात हातात घेतात. तुमच्याबद्दल केवढा आदर वाटतो त्यांना…”

“वाटणारच. मला काही नकोच होतं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं.”

निरंजननी मान खाली घातली. मनगटावरचं खरचटलेलं आता चुरचुरत होतं. मीठ लागलं होतं.

“बाकीच्या बायकांवरही असंच लिहिलंयस?” बाईंनी विचारलं.

ते पानं चाळू लागले. नेची गोळा करणारीच्या लेखात होतं, ‘प्रसिद्धीपासून त्या सदैव दूर राहिल्या.’ पक्ष्यांची चित्रं काढणारीच्या लेखात, ‘चित्राखाली सही करण्याचाही मोह त्यांना झाला नाही.’ गोगलगायींवरच्या लेखात, ‘मूकपणे.’

हे सगळं त्यांनी एकाच आठवड्यात, एकाच ओघात लिहिलं होतं. तेव्हा आपलं गद्य चांगलं वाहतंय, असं वाटलं होतं.

“हो,” ते म्हणाले.

“त्यांना विचारलंस?”

“त्या आता कुणीच नाहीत, बाई.”

“मग त्यांना नको होतं, हे तुला कुणी सांगितलं?”

…

निरंजन उठून पायरीवर जाऊन बसले. त्यांना आपल्या विभागात येणाऱ्या मुली आठवल्या. त्या दाराशी येऊन उभ्या राहत, आणि आपण हसून, मायेने काहीतरी बोलून त्यांना परत पाठवत असू. काय बोलत असू, ते त्यांना आठवेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून फोन काढला आणि छापखान्याला लावला.

“हां, मी वाळावलकर… नाही, चुका नाहीत. छपाई थांबवा… हो, रविवारी प्रकाशन आहे, मला ठाऊक आहे. पाहुण्यांना मी सांगतो… किती दिवस ते नाही सांगता येत. त्यांच्या घरी जायचंय मला. भाचे असतील, पुतण्या असतील, कुणाला तरी काही आठवत असेल… हो, सगळेच लेख.”

पलीकडचा माणूस चिडला असावा. निरंजननी निमूट ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

ते परत येऊन बाईंच्या पायाशी, जमिनीवर बसले. कॉलेजात असताना सहलीला बसत तसे. पेन काढलं. टाळ्यांचं वाक्य खोडलं. संसाराची ओळ खोडली. मग वरचं, खालचं, आणखी एक. प्रत्येक ओळ खोडताना बाईंकडे बघत होते. बाई परातीत बोट घालून जाळीचा एक धागा दुसऱ्यापासून अलगद सोडवत होत्या.

शेवटी पान जवळजवळ कोरं झालं. लेखाचं मोठ्या अक्षरातलं शीर्षकही गेलं. त्यावर त्यांचा फार जीव होता.

“बाई,” ते म्हणाले, “खाली काय लिहायचं, ते तुम्ही सांगाल तसं लिहितो. पण वर काय लिहू?”

मथुराबाईंनी ओलं बोट पदराला पुसलं.

“माझं नाव,” त्या म्हणाल्या. “आडनावासकट.”