हिरवा औट

"चाळण एकच हुती का?" बालेखान उस्तादांनी विचारलं.

धैर्यशील उष्टी ताटं गोळा करत राहिला. इलाही गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपलं होतं, माणसं पांगली होती आणि पत्र्याच्या पडवीत हे दोघंच उरले होते. चाळीस दिवसांत उस्तादांनी त्याला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

इलाही उस्तादांचा मुलगा आणि धैर्यशीलचा जोडीदार. दोघं एकाच वर्षी उस्तादांच्या हाताखाली शोभेची दारू शिकायला बसले. इलाही घरचाच. धैर्यशील मात्र बारावी सायन्स करून आलेला, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने उस्तादांना शिकवायला सुरुवात केली. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा, आणि मिठाचा कण जरी पडला तरी सगळ्यावर पिवळा. उस्ताद पन्नास वर्षं हेच हाताने करत आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नावं चांगली आहेत म्हणाले.

उस्तादांचे नियम मात्र धैर्यशीलला भाकडकथा वाटत. गंधकाची खोपी वेगळी, पोटॅशची वेगळी. दोन झाडू, दोन चाळणी, दोन फडकी. गंधकात हात घातलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पोटॅशच्या खोपीत पाऊल टाकायचं नाही. धैर्यशील याला उस्तादांचं सोवळं म्हणायचा. गंधक आणि पोटॅश एकत्र ठेचलं की उडतं, हे दिवाळीत लोखंडी नळी आपटणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. पण नुसत्या धुळीने काय होणार, असा त्याचा सवाल होता.

यंदा देवीच्या जत्रेसाठी वरच्या पेठेने बाहेरून औट मागवले. औट म्हणजे आभाळात जाऊन फुटणारा गोळा. झालं, खालच्या पेठेची इज्जत पणाला लागली. मंडळाचे लोक रोज येऊन उस्तादांना सांगायचे, रंग दिसला पाहिजे आणि डोळेही दिपले पाहिजेत. त्यांना काय, सांगायला नुसतं तोंड उघडावं लागतं.

दोन्ही एकदम मिळत नाही, हे सांगून उस्ताद थकले. आच वाढवली की लखलखाट होतो, पण रंग पांढरा पडतो. आच आवरली की रंग खुलतो, पण मंद दिसतो. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हात थांबवावा लागतो.

धैर्यशील थांबला नाही. सात महिने खपून त्याने ते मधलं प्रमाण शोधून काढलं. दगडावर एक गोळी पेटवून बघितली, तर भर दुपारी हिरवीगार, आणि इतकी लख्ख की इलाहीने डोळ्यांवर हात धरला. त्या दिवशी धैर्यशीलचे पाय जमिनीवर नव्हते.

तीन औट नीट भरून झाले. चौथ्याच्या वेळी पोटॅशच्या चाळणीची जाळी फाटली.

"एकच हुती का, इचारलं मी."

"व्हय, उस्ताद."

...

मग त्याने सगळं सांगितलं. गंधकाच्या खोपीतली चाळण त्यानेच आणली होती. मांडीवर आपटून झटकली, फडक्याने पुसली, उन्हात धरून बघितली. एकही पिवळा कण दिसला नाही. अब्बांना विचारून येतो, असं इलाही म्हणाला होता. विचारलंस तर नाहीच म्हणतील, असं धैर्यशीलने त्याला सांगितलं. इलाही हिरव्या रंगाची दारू चाळायला बसला आणि धैर्यशील कागद आणायला बाहेर गेला.

मोठा आवाजही झाला नाही. नुसता भपका आला, आणि खोपीच्या दारातून हिरवा उजेड बाहेर पडला.

"मला वाटलं, इलाहीनं गोळी लावून बगितली आसंल," धैर्यशील म्हणाला. "मी हसलो, उस्ताद. रंग बगून हसलो."

उस्ताद पडवीच्या पत्र्याकडे बघत राहिले.

पंचनाम्यात उष्णतेमुळे आग लागली असं लिहिलं गेलं. गावाने नशिबाला बोल लावला. धैर्यशीलच्या आईने देवीची ओटी भरली, कारण तिचा मुलगा वाचला होता. चाळणीबद्दल कुणीच विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची धैर्यशीलची छाती झाली नाही. चाळीस दिवस तो ते पोटात घेऊन हिंडत होता. अन्न गोड लागेना, झोप लागेना.

"कुनीतरी म्हना की मीच मारलं त्येला," तो म्हणाला. "तुमी म्हना."

...

"मी पोलिसांत जाऊन सांगतो," तोच पुन्हा म्हणाला. "तुमी सांगाल ते करतो. ह्या कामाला परत हात लावत न्हाई."

उस्तादांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो प्यायला नाही.

"इलाहीला ठावं हुतं," उस्ताद म्हणाले. "ल्हानपनापास्नं ठावं हुतं. तरी बसला."

"माज्यावर भरवसा ठिवून बसला."

"व्हय."

उस्तादांनी ते रागाने म्हटलं असतं तर धैर्यशीलला सोसलं असतं. ते नुसतं हो म्हणाले. त्याला रडू फुटलं, आणि उस्तादांच्या पायांवर डोकं ठेवायला तो वाकला.

उस्तादांनी पाय मागे घेतले.

धैर्यशील तसाच ओणवा राहिला. आपल्याला तोडलं, एवढं त्याला कळलं. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. इतके दिवस तो कुणीतरी हे करावं म्हणूनच तर तडफडत होता.

"बरं केलंसा," तो म्हणाला. "माजी लायकीच न्हाई."

"पाय तुज्यापायी न्हाई मागं घेतलं."

धैर्यशीलने मान वर केली.

मग उस्ताद बोलायला लागले. एवढं सलग ते कधी बोलत नसत. इलाहीला मातीत ठेवल्यावर चौथ्या दिवशी जत्रा होती. धैर्यशील दार लावून घरात बसला होता. मंडळाने ते तीन औट इलाहीच्या नावाने उडवायचे ठरवले, आणि उस्तादांना घरून नेऊन पटांगणात सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर बसवलं. ते नको म्हणाले नाहीत. नको म्हणायलाही अंगात बळ लागतं.

तिन्ही औट एकामागून एक उडाले. वरच्या पेठेची माणसंसुद्धा शिट्ट्या मारायची थांबली, म्हणे.

"तू बगितलं न्हाईस," उस्ताद म्हणाले.

"न्हाई."

"देवळाचं शिखर हिरवं झालं. मानसांची तोंडं हिरवी झाली. इतका लख्ख, आनि कुटं पांढरा पडला न्हाई."

धैर्यशीलला ते ऐकवेना. त्याने कानांवर हात नेले, पण ठेवले नाहीत.

"पन्नास वर्सं मला त्यो रंग घावला नव्हता," उस्ताद म्हणाले. "मी खुर्चीवरनं उटून उबा ऱ्हायलो. लोकं म्हनली, बापाला ऱ्हावलं न्हाई. बायका रडाय लागल्या."

...

"उस्ताद, तुमी बाप हाय त्येचं. रडू येनारच."

उस्तादांनी पाय आणखी पोटाशी ओढून घेतले, आणि त्यांवर धोतराचा सोगा पसरला.

"तिसरा औट इझंपातूर," ते म्हणाले, "मला इलाही आटवलाच न्हाई."