एक काना

एका माळावर, बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला, एकेकाळी एक वृद्ध कारागीर जुन्या विमानांची देखभाल करीत राहत असे. हयातभर त्याने विमानांची इंजिने जोडली होती. आता पत्र्याच्या मोठ्या दालनात लोकांना पाहण्यासाठी ठेवलेली सहा विमाने पुसणे, त्यांना तेलपाणी करणे, एवढेच काम उरले होते. सगळे या कारागिराला उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे एक शिष्य शिकत होता. यंत्राचे ज्ञान त्याला नुकतेच येऊ लागले होते, परंतु भाषा चोख आणि अक्षर सुंदर. म्हणून विमानांची माहिती लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते.

त्या दालनातले सर्वांत प्रसिद्ध विमान म्हणजे ‘श्येन’. शाळांच्या सहली येत त्या त्याच्यासाठीच. विमानांचा नाद असलेल्या एका व्यापाऱ्याने श्येनसमोर उभारण्यासाठी काळा दगड दिला आणि शिष्याने त्यावर कोरण्यासाठी मजकूर लिहिला. श्येन चालवणाऱ्या तीन वैमानिकांची नावे आणि प्रत्येकाची कामगिरी, थोडक्यात. पहिल्याने हिमशिखरे ओलांडली. दुसऱ्याने युद्धात शत्रूची दोन विमाने पाडली. तिसऱ्या नावापुढे होते: ‘उदय चौबळ. विमान पाडले. मृत्यू.’

हे शब्द शिष्याने अपघाताच्या चौकशीच्या जुन्या अहवालातून घेतले होते. उदयच्या आईलाही त्याने अनावरणाचे निमंत्रण धाडले होते. बाईंचे उलट टपाली उत्तर आले ते एका ओळीचे: ‘माझ्या मुलाविषयी काय लिहिले आहे, ते वाचायला येते.’

अनावरणाच्या सकाळी शिष्य आणि व्यापारी दालनात आले, तेव्हा उस्ताद दगडासमोर मांडी घालून बसले होते. हातात छिन्नी, मांडीवर दगडाची पूड. तिसऱ्या ओळीतल्या ‘पाडले’ या शब्दातला काना त्यांनी तासून काढला होता. तिथे पांढरा ओरखडा उरला होता.

“अहो उस्ताद, हे काय आरंभलंत!” व्यापारी ओरडला. “दोन तासांत पाहुणे येतील. दगड म्हणजे काय शाळेची पाटी आहे, पुसली नि लिहिली?”

“चूक होती, शेठ.”

शिष्य दुखावला. “कुठं चूक, उस्ताद? मी तीनदा तपासलंय. शब्द शुद्ध आहे.”

“शुद्ध आहे, बाळा. खरा नाही.”

“अहवाल खोटा, आणि हे एकटे खरे!” व्यापारी म्हणाला. “आणि एक काना काढून गेलेला माणूस परत येणार आहे का?”

“तो नाही येणार. त्याची आई येणार आहे.”

ती आलीच होती. पहिल्या एसटीतून उतरून, कापडी पिशवी खांद्याला लावून, चौबळबाई दारात उभ्या होत्या. त्या सावकाश दगडाजवळ आल्या. चष्मा लावून त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या आणि ओरखड्यावर बोट ठेवले.

“इथं काना होता?”

“होता,” उस्ताद म्हणाले. “आत्ताच काढला.”

“का?”

उस्ताद उठून उभे राहिले. मग मान खाली घालून, परंतु स्पष्ट शब्दांत बोलू लागले.

“बाई, उदय गेला त्या दिवशी मोठे पाहुणे विमान बघायला येणार होते. सकाळी तपासताना मला इंधनाच्या नळीला बारीक चीर दिसली. मी आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, एक फेरी मारायची आहे, नळी उद्या बदला. मी ‘विमान योग्य’ अशी सही केली. उदय आला. नेहमी स्वतः वाकून बघायचा. त्या दिवशी घाईत होता. म्हणाला, ‘काका, तुम्ही बघितलंत ना? मग मी कशाला बघू?’ मी मान डोलावली. विमान वर गेलं आणि इंजिन बंद पडलं. तो मागं वळला, धावपट्टी गाठायला. चौकशीत ठरलं की वळायला नको होतं, समोरच्या उसात सरळ उतरला असता तर वाचला असता. म्हणून लिहिलं, वैमानिकानं पाडलं. इंजिन बंद का पडलं, तिथपर्यंत कुणी गेलंच नाही. पुढं हे विमान दुरुस्तीला माझ्याकडंच आलं. चीर जिथं बघितली होती तिथंच नळी फाटलेली होती. ती काढली आणि नवी बसवली. विमान पाडलेलं नाही बाई, ते पडलं. दोन्हींत एका कान्याचा फरक आहे, आणि तेवढ्यात माणसाची सगळी लाज असते. हे या मुलाला कळावं म्हणून छिन्नी हातात घेतली.”

शिष्याचे डोळे भरून आले. आपल्या गुरूने आज केवढी गोष्ट शिकवली, असे त्याला वाटले.

चौबळबाईंनी चष्मा काढला.

“हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“मी विचारत होते. अकरा वर्षं. भेटेल त्याला. तुम्ही कुठं होतात?”

“इथंच.”

“उदयचे बाबा गेले ते मुलाला विमान नीट चालवता आलं नाही, असं मानून. शेवटी शेवटी त्याचा फोटोसुद्धा समोर नको म्हणायचे.” त्यांचा आवाज चढला नाही. “एक काना काढायला अकरा वर्षं लागली तुम्हाला.”

“क्षमा करा, बाई.”

“क्षमा राहू द्या. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, तेवढं बोलते. ‘पाडले’ला माझा मुलगा कर्ता होता. आता ‘पडले’. याचा कर्ता कोण? विमान. माणूस कुणीच नाही. माझा मुलगा सुटला, ते ठीक. त्याच्याबरोबर तुम्हीही सुटलात की.”

उस्ताद पुन्हा खाली बसले. त्यांच्या हातातली छिन्नी शिष्याने काढून घेतली, आणि त्यांनी घेऊ दिली.

“उस्ताद,” तो म्हणाला, “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

इतके दिवस बरोबर राहून त्याने ते कधी विचारले नव्हते.

“अरे, पाहुणे यायची वेळ झाली,” व्यापारी पुटपुटला.

“येऊ देत,” उस्ताद म्हणाले. “लिही. रघुवीर भिकाजी मेस्त्री.”

“आणि त्या साहेबांचं?”

“तेही सांगतो. पण आधी माझं.”

शिष्याने खडूने आखून चौथी ओळ लिहिली: ‘नळीची चीर पाहूनही विमान योग्य असल्याची सही केली.’ पुढे तो नाव लिहू लागला. चौबळबाई मागे उभ्या राहून पाहत होत्या.

“वी दीर्घ,” त्या म्हणाल्या.

त्याने घाईत काढलेली ऱ्हस्व वेलांटी पुसून दीर्घ काढली आणि हातोडी उचलली.

अशा कथांमधल्या वृद्धांना सहसा नाव नसते. या वृद्धाचे दगडावर आहे.