गाण्यातली कुत्री

मुलांनो, जंगलाच्या कडेला एक छोटी वाडी होती. तिथल्या अंगणवाडीच्या मागे, करंजाच्या झाडाखाली एक तांबूस कुत्री राहत असे. तिला गाण्यांची फार आवड. रोज सकाळी मुले गाऊ लागली, की ती खिडकीखाली येऊन बसे. चिमणीचे गाणे झाले, गाईचे झाले, चांदोबाचे झाले, की ती कान टवकारून वाट पाही. "आपलंही गाणं कधीतरी येईलच," असे तिला वाटे.

एके दिवशी ते आले. बाईंनी टाळ्या वाजवत नवे गाणे शिकवले :

"कुत्रं आलं दारात,
भाकरी नेली तोंडात,
घाला धोंडा पेकाटात!"

पहिल्या ओळीला कुत्रीने आनंदाने शेपूट हलवले. दुसऱ्या ओळीला ती गोंधळली. तिसरी ओळ कानावर पडताच तिचे शेपूट खाली गेले. सुट्टी झाल्यावर मुले गाणे म्हणतच बाहेर पडली. त्यांत तुळसा नावाची पाच वर्षांची मुलगी होती. गाण्यात आहे म्हणजे तसेच करायचे असते, असे वाटून तिने खरोखरच एक दगड उचलला आणि फेकला. तो कुत्रीच्या मागच्या पायाला लागला. कुत्री केकाटत जंगलात पळाली.

एका बोरीच्या झाडावर साळुंकी बसली होती. लंगडणाऱ्या कुत्रीला पाहून तिने विचारले, "काय गं, काय झालं?"

"मी कधी कुणाची भाकरी नेली नाही," कुत्री म्हणाली. "मग त्यांनी असं गाणं का केलं?"

"ज्यानं ते केलं, त्यानं तुला कुठं पाहिलंय?" साळुंकी म्हणाली. "पण ज्यांनी म्हटलं, त्यांनी तर रोज पाहिलंय तुला. वाईट त्याचंच वाटतं." कुत्री पाय चाटत पडून राहिली. त्यानंतर ती खिडकीखाली गेली नाही.

चार दिवसांनी तुळसा बोरे वेचत एकटीच जंगलात शिरली. या झाडाखालून त्या झाडाखाली जाता जाता वाट चुकली. उन्हे कलली. चहूकडे झुडपेच झुडपे. घाबरून तिने आईला हाका मारल्या, पण कुणी ओ देईना. मग भीती वाटू नये म्हणून ती गाऊ लागली. नवे गाणे तेवढे तिला पाठ होते, म्हणून तेच.

कुत्रीने ते गाणे ऐकले. आवाज कोणाचा तेही तिने ओळखले. तिचा पाय अजून दुखत होता. ती उठली, दोन पावले दूर गेली आणि थांबली. गाणे आता मध्येच तुटत होते. तुळसा रडत होती.

"जाऊ नकोस," साळुंकी वरून म्हणाली. "तिच्या हाताशी दगडच दगड आहेत."

"ती लहान आहे गं. आणि अंधार पडत आलाय," कुत्री म्हणाली आणि वळली.

तिला पाहताच तुळसाने घाबरून दगड उचलला. कुत्री पळाली नाही. ती खाली बसली, पंजांवर डोके टेकवले आणि तशीच राहिली. बराच वेळ कुणीच हलले नाही. मग दगड हातातून गळून पडला. तुळसा हळूच जवळ सरकली. तिला तो सुजलेला पाय दिसला.

"मीच मारलं होतं ना गं?" ती पुटपुटली. "लई दुखतंय?"

कुत्रीने तिचा हात चाटला आणि उठून चालू लागली. तिच्या मानेवरचे केस धरून तुळसा मागोमाग निघाली. वाडीच्या वेशीवर कंदील घेऊन उभ्या असलेल्या आईने दोघींना येताना पाहिले आणि तिला हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ते गाणे सुरू झाले, तेव्हा तुळसा उभी राहिली. "बाई, हे खोटं आहे," ती म्हणाली. "तिनं काही नेलं नव्हतं. तिनं मला आणलं."

बाईंनी टाळ्या थांबवल्या. "मी लहानपणी असंच शिकले होते," त्या म्हणाल्या. "खरं की खोटं, ते कधी विचारलंच नाही. आजपासून नको म्हणू या."

कुत्री परत आली, पण पूर्वीसारखी नाही. कुणी चप्पल नीट करायला वाकले, तरी ती दचकून दूर पळे. मग मुलांनी आपसांत ठरवले, की ती जवळ असताना पटकन वाकायचे नाही आणि हात उगारायचा नाही. असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी कोवळ्या उन्हात तुळसा तिच्या शेजारी जाऊन बसली. कुत्रीने एकदा तिच्याकडे पाहिले, अंग सैल सोडले आणि डोळे मिटून घेतले.

तात्पर्य : गाण्यातला धोंडा कुणाला लागत नाही, पण ते ऐकून उचललेला धोंडा खराच लागतो, म्हणून कुणाविषयी काही म्हणण्याआधी त्याला नीट ओळखून घ्यावे.